‘इन्स्टॉल’ची कटकट गेली, मालकी कुणाकडे गेली?

सॉफ्टवेअर लिहिणे हे अर्धेच काम असते. ते हजारो लोकांच्या संगणकापर्यंत पोहोचवणे, तिथे चालते ठेवणे आणि चूक सापडली की दुरुस्त प्रत पुन्हा पोहोचवणे, हे उरलेले अर्धे काम. नव्वदच्या दशकात हा सगळा कारभार मुख्यतः सीडीवर चालत असे. आज एक लिंक उघडली की काम सुरू होते. हा बदल आपोआप झाला नाही. त्यामागे प्रोग्रामर मंडळींची दीर्घ बहस आहे. वरवर ती तांत्रिक वाटते. पण खरा मुद्दा ताबा कुणाकडे राहणार, हाच होता.

दोन लेख, एक अंदाज

१९९५ साली पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी ‘व्हायावेब’ ही कंपनी सुरू केली. इंटरनेटवर दुकान थाटण्याचे हे सॉफ्टवेअर दुकानदाराच्या संगणकावर बसवावे लागत नसे. ते कंपनीच्या सर्व्हरवर चाले आणि दुकानदार ते ब्राउझरमधून वापरत. १९९८ मध्ये याहूने ही कंपनी विकत घेतली.

२००१ मध्ये ग्रॅहम यांनी या अनुभवावर एक निबंध लिहिला. सामान्य माणसाला स्वतःच्या संगणकाचा व्यवस्थापक व्हायला लावू नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. सॉफ्टवेअर सर्व्हरवर असेल तर चूक सापडताच दुरुस्त होते. नव्या आवृत्तीची वाट पाहत बसावे लागत नाही.

तीन वर्षांनी, जून २००४ मध्ये, जोएल स्पॉल्स्की यांनी हाच धागा पुढे नेला. ते पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलवर काम करत. त्यांचे म्हणणे असे, की ब्राउझरमधले सॉफ्टवेअर दिसायला थोडे ओबडधोबड असले तरी लोक ते स्वीकारतील, कारण इन्स्टॉल करण्याची कटकट नाही. मात्र ब्राउझरमध्ये काय जमत नाही, याची यादीही त्यांनी दिली होती. वेगवान चित्रकलेचा प्रोग्राम त्या यादीत होता.

पडद्यावर रेघ कोण ओढणार?

ते जमत नव्हते, कारण ब्राउझर मुळात मजकूर आणि तयार चित्रे दाखवण्यासाठी बनला होता. हलती चित्रे, खेळ हवे असतील तर वेगळा प्लगइन लागे. त्यात सर्वांत लोकप्रिय होता फ्लॅश. १९९६ मध्ये आलेले हे तंत्र आधी मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ मध्ये अडोबीकडे गेले. म्हणजे जगभरच्या वेबपानांवरील हालचाल एका कंपनीच्या हाती होती.

यावर दुसरा मार्ग २००४ मध्ये निघाला. ॲपलने आपल्या ब्राउझर इंजिनात ‘कॅनव्हास’ आणला. पानावर एक कोरा चौकोन ठेवायचा आणि प्रोग्रामने त्यात रेषा, रंग भरायचे, अशी ही सोय. २००६ मध्ये मोझिलाच्या व्लादिमीर वुकिचेविच यांनी त्यात त्रिमितीय चित्र काढण्याचा प्रयोग करून दाखवला. त्यातूनच मार्च २०११ मध्ये ‘वेबजीएल’ हे खुले मानक जाहीर झाले. आता ब्राउझर थेट ग्राफिक्स चिपकडून काम करून घेऊ लागला.

याला विरोधही झाला. मायक्रोसॉफ्टने जून २०११ मध्ये वेबजीएल घातक असल्याचे म्हटले. कुठल्याही अनोळखी पानाला ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचू देणे धोक्याचे, हा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता, कारण ते ड्रायव्हर शत्रूला तोंड देण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. ब्राउझरांना तपासणीच्या चाळण्या लावाव्या लागल्या. २०१३ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये वेबजीएल घेतले.

फ्लॅशची कहाणी उलट दिशेने गेली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी खुल्या पत्रात त्यावर टीका केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला. असंख्य खेळ, ॲनिमेशन, शाळकरी मुलांचे धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. इंटरनेट आर्काइव्ह आणि ‘रफल’सारख्या स्वयंसेवी प्रकल्पांमुळे त्यातले काही वाचले.

यादीतली ओळ खोडली गेली

२०१२ मध्ये डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी फिग्मा सुरू केली. वॉलेस यांचा वेबजीएलमधला पाण्याचा प्रयोग त्याआधीच नावाजला गेला होता. २०१६ मध्ये फिग्मा सर्वांसाठी खुले झाले. ब्राउझरमध्ये चालणारे, अनेकांनी एकाच वेळी वापरायचे हे आरेखनाचे साधन वेगवानही होते. स्पॉल्स्कींच्या यादीतली ती ओळ बारा वर्षांत खोडली गेली. पुढे वेबअसेंब्ली आल्यावर फिग्मा उघडायला लागणारा वेळ तिपटीने घटला. सप्टेंबर २०२२ मध्ये अडोबीने ते २० अब्ज डॉलरना विकत घ्यायचे ठरवले, पण युरोप आणि ब्रिटनमधील नियामकांच्या आक्षेपांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा रद्द झाला.

सोयीची दुसरी बाजू

ग्रॅहम यांचा अंदाज खरा ठरला, पण एक बाजू राहून गेली. रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१० मध्ये ती मांडली. तुमचे काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर होत असेल, तर त्या कामावरचा ताबाही त्याच्याकडे जातो. कपाटातली सीडी कंपनी बुडाली तरी कपाटात राहते. सर्व्हर बंद झाला की काहीच उरत नाही. फिग्मातून चित्र एसव्हीजी किंवा पीडीएफ रूपात बाहेर काढता येते, ही जमेची बाजू. पण अख्खी फाइल पूर्ववत उघडते ती फिग्मातच.

म्हणून जुने दिवस बरे होते, असेही नाही. आपल्याकडची उर्दू वृत्तपत्रे वर्षानुवर्षे इनपेजवर आणि मराठी नियतकालिके श्रीलिपीसारख्या फॉन्टवर निघाली. ही सॉफ्टवेअरे आपल्याच संगणकावर होती, तरी त्यातला मजकूर त्यांच्या सांकेतिक रचनेत अडकून पडला. युनिकोडमध्ये आणताना तो कन्व्हर्टरमधून काढावा लागला. नस्तालीक लिपी ब्राउझरला नीट दाखवता येत नव्हती, म्हणून उर्दू पाने चित्र म्हणून वेबवर चढवली जात. वाचता येत, पण त्यातला शब्द शोधता येत नसे. तो लेखनसाठा आजही शोधयंत्रांच्या नजरेआड आहे.

तेव्हा सॉफ्टवेअर कुठे चालते, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. मानक खुले आहे का आणि आपले काम दुसऱ्या साधनात उघडेल अशा रूपात बाहेर काढता येते का, हे विचारले पाहिजे. एखादे छोटे मासिक, ग्रंथालय किंवा शाळा आज आपला ऐवज फुकट मिळणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेत साठवत असेल, तर हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत. सेवा बंद होण्याची नोटीस आल्यावर त्यासाठी फारसा वेळ मिळत नाही.