रंगविभाजन : मळवलीच्या शिळेपासून संगणकीय सॉफ्टवेअरपर्यंत

प्रस्तावना
बहुरंगी चित्र छापावयाचे असल्यास त्यातील प्रत्येक शाईचा अंश वेगळा काढून त्याचा स्वतंत्र ठसा तयार करावा लागतो. या क्रियेस रंगविभाजन असे म्हणतात. स्क्रीन प्रिंटिंगच्या व्यवसायात आज हे काम संगणकीय सॉफ्टवेअरद्वारे होते व त्याची निवड ही निव्वळ तांत्रिक बाब मानली जाते. तथापि महाराष्ट्रातील रंगीत मुद्रणाचा इतिहास पाहता, चित्र पारखण्याची जबाबदारी कोणाकडे सोपवावयाची हा प्रश्न या निवडीच्या मुळाशी असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्याचा तीन टप्प्यांत विचार केला आहे.

हस्तकौशल्याचा टप्पा
पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने शिळामुद्रित चित्रे घरोघरी पोहोचविली. पुढे राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने छापखाना काढला. प्लेगच्या साथीमुळे तो १८९९ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली.

या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी चुनखडीची एक स्वतंत्र शिळा लागे. कोणत्या भागात कोणती शाई किती उमटावी हे मूळ तैलचित्र पाहून कारागीर ठरवी व तेलकट शाईचे बारीक ठिपके शिळेवर हाताने काढी. अनेक शिळांचे ठसे अचूक एकावर एक बसले म्हणजे त्वचेची कांती वा शालूची झळाळी साधे. चित्रावर नाव मात्र रविवर्म्यांचे असे. विभाजन करणारा हात सामान्यतः अनामिकच राहिला. १९७२ मध्ये हा छापखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्यामुळे या कारागिरांच्या कौशल्याचा मागोवा आज मुख्यतः छापील चित्रांवरूनच घ्यावा लागतो.

छायाचित्रणाचा टप्पा
तीन रंगांच्या प्रकाशातून रंगीत प्रतिमा साकारता येते, हे जेम्स मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये दाखविले होते. पुढे हाफटोन पद्धतीची जोड मिळाल्यावर लाल, हिरव्या व निळ्या काचांतून घेतलेल्या निगेटिव्हवरून अनुक्रमे निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईचे ठसे करणे शक्य झाले. कोलकात्यात उपेंद्रकिशोर राय यांनी हाफटोनवर मौलिक संशोधन केले. महाराष्ट्रात त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) हे या विद्येकडे वळले. लोणावळ्यास मुद्रणव्यवसाय उभारून रंगीत मुद्रणाची सामग्री आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस गेले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर त्यांनी तो व्यवसाय सोडला व १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रदर्शित केला.

कॅमेऱ्यामुळे कारागिराचे महत्त्व संपले, असे मात्र म्हणता येत नाही. प्रत्यक्ष शाया सिद्धान्ताइतक्या शुद्ध नसल्याने रंग मळकट उतरत. तो दोष घालविण्यासाठी ठशांवर हाताने दुरुस्ती करावी लागे.

संगणकाचा टप्पा
सॅम्युएल सायमन यांनी इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये ताणलेल्या रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट घेतले. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आल्यावर विभाजनाचे काम क्रमशः टेबलावरील संगणकावर आले. परंतु जाळीच्या स्वतःच्या मर्यादा असतात. हाफटोनच्या रेषासंख्येच्या चार ते पाचपट धागे जाळीस असावेत, असा व्यवहारातील नियम आहे. म्हणजे इंचास ५५ रेषांसाठी इंचास सुमारे २२० ते २७५ धागे हवेत. ठिपक्यांचे कोन चुकल्यास नको असलेली नक्षी उमटते. चाररंगी पद्धतीतील शाया पारदर्शक असल्याने ती पांढऱ्या कापडावर खुलते. गडद कापडास खाली पांढऱ्या शाईचा थर व अपारदर्शक रंग लागतात. इंडेक्स पद्धतीत समान आकाराचे चौकोनी ठिपके असून प्रत्येक ठिकाणी एकच शाई पडते, म्हणून कोनांचा प्रश्न उरत नाही. मात्र मोजक्या शाया आधीच निवडाव्या लागतात.

कसारा, शहापूर, मुरबाड या परिसराला परिचित असलेली वारली चित्रकला या दृष्टीने बोलकी आहे. गेरूच्या पार्श्वभूमीवरील पांढरे चित्र गेरव्या कापडावर छापावयाचे तर एक जाळी व एक शाई पुरते. तेथे महागडे सॉफ्टवेअर अनावश्यक ठरते. छटांनी भरलेले रविवर्म्यांचे चित्र छापावयाचे असेल, तर ते उपयुक्त ठरू शकते.

निष्कर्ष
शिळा, कॅमेरा व संगणक या तिन्ही टप्प्यांत साधन बदलले, तरी निर्णय माणसाच्या नजरेवरच अवलंबून राहिला. म्हणून प्रथम चित्र, कापड, शायांची संख्या व जाळी निश्चित करून त्यानंतरच सॉफ्टवेअर निवडणे इष्ट होय. प्रत्येक रंगाचा ठसा स्वतंत्रपणे तपासण्याची व हाताने सुधारण्याची मुभा जे सॉफ्टवेअर देते, ते मळवलीच्या कारागिरांच्या परंपरेशी अधिक जवळचे आहे. मुद्रणकलेच्या अध्यापनात आज्ञांच्या क्रमाइतकेच रंग पारखण्याच्या शिक्षणास स्थान मिळाले, तरच ही परंपरा टिकून राहील.