सिरीजच्या माळेचं कूळ

दिवाळीच्या तोंडावर इतवारी बाजारात लायटिंगची माळ घेतली की दुकानदार ती आधी पेटवून दाखवतो. जुन्या मिरची बल्बच्या माळेला तर हे हवंच. सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकापाठोपाठ एक. 230 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एकसर (सिरीज) जोडणीत रोधांची बेरीज होते, आणि एक बल्ब गेला की सगळ्यांची वाट बंद.

रस्त्यावरच्या आर्क दिव्यांनाही हीच अडचण होती. 29 एप्रिल 1879 रोजी चार्ल्स ब्रश यांनी क्लीव्हलंडच्या चौकात 12 आर्क दिवे एकाच तारेत लावले. एक विझला तरी बाकीचे चालावेत म्हणून त्यांनी दिव्यातच आपोआप उघडणारी आडवाट ठेवली. काही मिरची बल्बांतही तीच युक्ती: फिलामेंटच्या दोन पायांना गुंडाळलेली, ऑक्साइडचा थर असलेली बारीक तार. फिलामेंट तुटलं की सगळं व्होल्टेज तिच्यावर येतं, थर फुटतो आणि प्रवाह पुढे जातो. मग उरलेल्या बल्बांच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात आणि तेही लवकर जातात. म्हणून गेलेला बल्ब लगेच बदलावा.

घरात मात्र प्रत्येक दिव्याला आपलं बटण हवं, म्हणजे समांतर जोडणी. त्यात वाटा वाढतात, एकूण रोध घटतो, प्रवाह वाढतो. कमी रोधाच्या दिव्यांना तांब्याच्या जाडजूड तारा लागल्या असत्या. विल्यम प्रीस यांच्यासारख्या जाणत्या इंजिनिअरनं 1879 मध्ये वीजदिव्याची अशी विभागणी म्हणजे निव्वळ चकवा ठरवली होती. एडिसननं दिव्याचाच रोध शंभर ओहमच्या वर नेला. माझ्या मते खरा शोध तोच. काचेचा बल्ब आधीही होता. 27 जानेवारी 1880 ला पेटंट मिळालं, 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं. त्याच डिसेंबरात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या नाताळच्या झाडावर 80 रंगीत दिवे लावले. नाताळच्या झाडावरच्या विजेच्या रोषणाईची सुरुवात तिथली.

एलईडीच्या माळेत गट आतून एकसर आणि एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे बहुधा एकच तुकडा विझतो.

मिस्त्रीच्या टेस्टिंग बोर्डावर अजून जुनी सिरीजच आहे. दुरुस्त केलेल्या मिक्सरच्या वाटेत 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब. मिक्सर शॉर्ट असला तरी बल्बचा सुमारे 530 ओहम रोध प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवतो. बल्ब पूर्ण पेटला की मिस्त्री समजतो, आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून तो पिवळा बल्ब जपून ठेवावा लागतो.