आधी बर्फ, मग शेक : दाढ काढल्यानंतरच्या घरगुती उपचाराचा इतिहास

दाढ काढल्यानंतर पहिले एक-दोन दिवस गालाला बाहेरून बर्फ लावायचा आणि पुढे कोमट शेक द्यायचा, ही आज दंतवैद्यांची नेहमीची सूचना आहे. विदर्भातल्या काटोलसारख्या तालुक्याच्या गावात या दोन उपायांचे वय मात्र सारखे नाही. शेक तिथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. बर्फ घरात आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

उष्णतेच्या उपचाराची परंपरा ग्रंथांतही भक्कम आहे. चरकसंहितेत अग्नीच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या स्वेदाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, १३ प्रकार सांगितले आहेत. सुश्रुताने ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव असे चार प्रकार मानले. घरगुती रूपे यांहून साधी होती : तव्यावर तापवलेले फडके, जाड मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी, तापलेली विटकर, तेल लावून गरम केलेले रुईचे किंवा एरंडाचे पान. विदर्भात जवस मुबलक पिकत असल्याने त्याच्या पिठाचे पोटीसही हाताशी होते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश रुग्णालयांत सूज आणि गळवावर हेच जवसाचे पोटीस नेहमी वापरले जाई. त्यामुळे दवाखाना आणि स्वयंपाकघर यांचा उपचार तेव्हा फारसा वेगळा नव्हता.

थंडाव्याचे ज्ञानही जुनेच होते. रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगताना सुश्रुताने रक्त गोठवण्यासाठी शीत उपचार सांगितला आहे. दात उपटण्यासाठी त्याने दंतशंकू हे शस्त्र वर्णिले, पण वरचा दात हलत असला तरी काढू नये, असेही बजावले. अतिरक्तस्रावाची त्याला धास्ती होती. अडचण साधनाची होती. काटोलच्या उन्हाळ्यात माठातले पाणी आणि ओले फडके यांपलीकडे थंडावा मिळणे कठीण होते.

बर्फ भारतात व्यापारी माल म्हणून आला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ जहाज १८३३ मध्ये गोठलेल्या तळ्यांचा बर्फ घेऊन कोलकात्याला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला. त्याच शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट हे डॉक्टर बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने वेदना बधिर करण्याचे प्रयोग करत होते. यंत्राने बर्फ बनू लागल्यावर आयात थांबली. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी बाजारापर्यंत जाऊ लागली, तरी ती घरात साठवता येत नव्हती. गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर बाजारात आणला. तो गावोगावच्या स्वयंपाकघरांत रुळायला आणखी काही दशके लागली.

दरम्यान विदर्भात थंड उपचाराला एक वेगळे वळण मिळाले. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी ओल्या मातीच्या पट्ट्या आणि पाण्याचे उपचार यांचा पुरस्कार केला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तिकेतही माती आणि पाणी यांना स्वतंत्र स्थान आहे.

दात काढण्याचे कामही याच काळात जाणकार हातांकडून शिक्षित हातांकडे गेले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने व्यवसायाची नोंदणी सुरू झाली. १९६८ मध्ये नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय निघाले आणि साधारण ६० किलोमीटरवरच्या काटोलच्या रुग्णांना शस्त्रक्रियेने अक्कलदाढ काढून घेण्याची सोय जवळ आली. हिरडी कापून आणि हाड थोडे कोरून दाढ काढली की सूज ठरलेलीच. त्यामुळे घरी काय करायचे, हे नेमके सांगण्याची गरज वाढली.

आधी बर्फ आणि मग शेक, या क्रमामागचे कारण सोपे आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतूंचे वहन मंदावते आणि ठणका कमी होतो. म्हणून पहिल्या २४ ते ४८ तासांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावून तेवढाच वेळ काढून ठेवतात. उघडा बर्फ त्वचेला इजा करतो. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. त्यानंतर ओलसर कोमट शेकाने रक्ताभिसरण वाढते आणि आखडलेला जबडा सैल व्हायला मदत होते. हाच शेक पहिल्या दिवशी दिला तर रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. बर्फाने सूज नेमकी किती उतरते, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वेदना कमी होण्याबद्दल पुरावा त्यामानाने बरा आहे.

लगेच शेक देण्याची जुनी सवय म्हणूनच अडचणीची ठरते. सुजलेला गाल दिसताच शेकण्याची घरोघरची रीत पू झालेल्या दाढेलाही लावली जाई. बाहेरच्या उष्णतेने पू गालाच्या त्वचेकडे वाट काढण्याची भीती असते. दाढ काढल्यावर विदर्भातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, हाही जखमेचा वैरी आहे. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि वारंवार थुंकल्याने खळगीत धरलेली रक्ताची गुठळी निसटते. गुठळी गेली की हाड उघडे पडून तीव्र कळा येतात. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर बर्फ आणि शेक दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे लागते.