पाच घरांची साखळी

आजची गोष्ट फार जुनी आहे आणि फार लांबच्या देशातली आहे. पण ती सुरू होते आपल्या वसईत, आणि आमच्यापर्यंत ती पोचली गटाच्या दंडाच्या वहीतून. म्हणून आधी वहीचं सांगतो.

आमच्या एका गटात एकच ताई ख्रिस्ती आहेत. गट बांधला तेव्हा सगळ्यांच्या सोयीचा वार म्हणून बैठकीला रविवारची सकाळ ठरली. सोय कोणाची, हे आम्ही विचारलं नाही. ताई सकाळी मिस्साला जायच्या आणि तिथून धावत बैठकीला यायच्या. तोवर हजेरी झालेली असायची. नियम म्हणजे नियम, उशिराला दहा रुपये दंड. वर्षभर त्यांनी तो मुकाट भरला. वर्षअखेरीला बेरीज केली तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की जिची कर्जफेड सगळ्यांत चोख, तिचाच दंड सगळ्यांत जास्त! आम्ही खजील झालो. सगळ्याजणींच्या मतानं बैठक शनिवारवर नेली आणि दंडाचे पैसे परत केले. तेव्हा ताई म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या. फेब्रुवारीत आम्ही रक्तसाक्ष्यांसाठी प्रार्थना करतो. त्यात एक आपल्या वसईचा आहे. त्याची गोष्ट एकदा रेडिओवर सांगा."

श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला मराठी ख्रिस्ती माणसं रक्तसाक्षी म्हणतात. वसईच्या त्या रक्तसाक्ष्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

पोर्तुगीजांनी वसई १५३४ साली घेतली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १५५६ च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच तो धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे व्यापार केला. मग फिलिपिन्समधल्या मनिला शहरात तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली त्या संघाची माणसं जपानला निघाली, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो त्यांच्याबरोबर गेला. क्योटो शहरात त्यांनी गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला.

जपानची सत्ता तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम त्यानं १५८७ सालीच काढला होता, पण तो कडकपणे पाळला जात नव्हता. १५९६ साली सान फेलिपे नावाचं एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यावरून वाद पेटला. आज धर्मगुरू आले, उद्या त्यांच्या मागोमाग फौजा येतील, हा संशय बळावला. क्योटो आणि ओसाकामध्ये धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं. असे सव्वीस जण झाले. त्यांतले वीस जपानी. तिघं तर पोरंच होती, वयं बारा, तेरा आणि चौदा. चौदा वर्षांच्या थॉमसनं वाटेत आईला पत्र लिहिलं. त्याचा बापही त्याच सव्वीस जणांत होता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही खोटं बोलल्यासारखं होईल. ज्या पोर्तुगीजांच्या राज्यात गोन्सालो जन्मला, त्यांनी आपल्या मुलखातल्या लोकांना सुखानं देव पुजू दिला नाही. गोव्यात त्यांनी देवळं पाडली, १५६० साली धर्मन्यायालय बसवलं आणि माणसांचा छळ केला. जपानमध्येही काही ख्रिस्ती सरदारांनी बौद्धांची देवळं उद्ध्वस्त केली होती. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता, त्याचा धर्म कोणताही असो, माज येतो. छळ सोसणारी माणसं मात्र सगळीकडे सारखीच असतात. आपली प्रार्थना त्यांच्यासाठी आहे.

सव्वीस जणांच्या मरणानं गोष्ट संपली नाही. १६१४ साली तोकुगावा राज्यकर्त्यांनी साऱ्या देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. हजारो माणसं मारली गेली. बंदी पाळली जावी म्हणून एक युक्ती वापरली, ती ऐकून आम्ही गटवाल्या बाया गप्पच झालो. शेजारशेजारच्या पाच घरांचा एक गट करायचा. त्यातल्या एका घरानं गुन्हा केला तर पाचही घरांना शिक्षा. कोणी लपून येशूचं नाव घेत असेल तर शेजाऱ्यानंच चुगली करायची. चुगलीला बक्षीसही होतं. धर्मगुरू पकडून देणाऱ्याला पुढे चांदीची पाचशे नाणी मिळत, तसे फलक गावोगाव लावलेले होते.

मैत्रिणींनो, एकीसाठी सगळ्या जामीन, हे तर आपलंच सूत्र! त्याच्या जोरावर आपल्याला बँकेचं कर्ज मिळतं. तीच साखळी तिथं गळ्याला फास म्हणून वापरली.

नागासाकीत दर नव्या वर्षी आणखी एक परीक्षा असे. येशूचं किंवा मरियामातेचं चित्र कोरलेला पितळी पत्रा जमिनीवर ठेवायचा, आणि घरातल्या प्रत्येकानं अधिकाऱ्यासमोर त्यावर पाय द्यायचा. अंगावरच्या तान्ह्या बाळाचा पायसुद्धा त्यावर टेकवून घेत. पाय दिला नाही तर तुरुंग, हाल, मरण. आता सांगा, पाच घरांची लेकरं आपल्या एका पावलावर अवलंबून असतील, तर आपण काय केलं असतं?

बऱ्याच जणांनी पाय दिला. पण घरी आल्यावर दार लावून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत आणि माफी मागत. वर्षामागून वर्षं हेच. शेवटचा धर्मगुरू १६४४ साली मारला गेला. त्यानंतर दोनशेवीस वर्षं त्या लोकांमध्ये एकही धर्मगुरू नव्हता. पुस्तक जवळ ठेवायची सोय नव्हती. तरी उराकामीसारख्या खेड्यांनी आतल्या आत आपली व्यवस्था लावली. एकानं सणवारांची तिथी सांभाळायची, एकानं बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, एकानं घरोघरी निरोप पोचवायचा. प्रार्थना आईकडून लेकीला, तोंडातोंडी जायच्या. अंत्यविधीला बौद्ध भिक्षू बोलवावाच लागे. तो मंत्र म्हणत असताना शेजारच्या खोलीत ही माणसं हळू आवाजात आपली प्रार्थना म्हणत.

मरियामातेची मूर्ती तर ठेवता येत नव्हती. मग त्यांनी कानोनची मूर्ती ठेवली. कानोन ही करुणेची बौद्ध देवता. चिनी मातीची पांढरी मूर्ती, मांडीवर बाळ. बाहेरच्याला ती कानोन दिसे, घरच्यांना मरिया. हा कानोन म्हणजे मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेलं जे सुंदर चित्र आहे, ते त्याचंच. एका धर्माच्या करुणेनं दुसऱ्या धर्माच्या आईला पदराआड घेतलं, असं आम्हाला वाटतं.

पुढे परदेशी लोकांसाठी नागासाकीत चर्च बांधायला परवानगी मिळाली. १८६५ साली ओउराचं चर्च उभं राहिलं. ते त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावानं बांधलेलं, म्हणजे आपल्या गोन्सालोच्याही. १७ मार्चला उराकामीची दहा-पंधरा माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांतली एक बाई पुढे झाली. फ्रेंच धर्मगुरूच्या जवळ जाऊन तिनं हळूच सांगितलं, की आमचं हृदय आणि तुमचं हृदय एकच आहे. मग विचारलं, मरियामातेची मूर्ती कुठं आहे? बंदी अजून होती, पकडलं असतं तर शिक्षा ठरलेली. दोनशे वर्षांचं गुपित पहिल्यांदा उघड बोलली ती एक खेड्यातली बाई.

त्याची किंमत मोजावी लागली. १८६७ पासून पुन्हा धरपकड झाली. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना घरदार सोडायला लावून देशभर विखरून टाकलं. उपासमार, थंडी आणि मारहाणीनं सहाशेहून अधिक दगावली. अखेर १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेली माणसं गावी परतली. घरं ओस पडली होती, शेतं गेली होती.

परतलेल्यांत इवानागा माकी नावाची एक तरुणी होती. १८७४ साली त्या भागात हगवणीची साथ आली, मागोमाग देवी आल्या. माकी आणि तिच्या मैत्रिणी रोग्यांच्या शुश्रूषेला गेल्या. अनाथ पोरं त्यांनी पदरात घेतली. एका घरात एकत्र राहायच्या, शेतात राबायच्या, कमाई एकत्र करायच्या आणि त्यावर पोरं वाढवायच्या. ज्या पाच घरांच्या साखळीनं गाव जखडलं होतं, त्याच गावातल्या बायांनी आपल्या हातांनी नवी साखळी गुंफली. ही कुणाला जखडायला नव्हती, सावरायला होती.

नंतर तिथल्या लोकांनी पाटलाच्या घराची जागा विकत घेतली आणि तिथं चर्च बांधलं. ज्या जागी चित्रावर पाय द्यावा लागे, तीच ही जागा. १९४५ साली अणुबाँबनं ते चर्च पाडलं, लोकांनी ते पुन्हा उभारलं.

श्रद्धेसाठी माणसं मारली जाणं थांबलेलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या समुद्रकाठी एकवीस ख्रिस्ती मजुरांना दहशतवाद्यांनी मारलं. बहुतेक सगळे इजिप्तच्या खेड्यांतून पोटासाठी परमुलखात गेलेले. त्यांच्या घरच्या बायांचं दुःख आपल्या ऊसतोडीच्या गावांना वेगळं समजावून सांगायला नको.

मग प्रार्थना कशी करायची? आम्ही शनिवारच्या बैठकीत दोन मिनिटं गप्प बसलो. जिनं तिनं आपापल्या देवाचं नाव घेतलं. ताईंनी सुचवलं म्हणून आम्ही तीन जणांसाठी मागितलं. जे ताठ उभे राहिले आणि मेले, त्यांच्यासाठी. ज्यांनी लेकरांकडे बघून पाय टेकवला आणि रात्रभर रडले, त्यांच्यासाठीही. कारण श्रद्धा पुढच्या पिढीला मिळाली ती त्यांच्यामुळे. आणि ज्या शेजाऱ्यांनी सारं माहीत असून चुगली केली नाही, त्यांच्यासाठी. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

प्रार्थना झाल्यावर आम्ही पुन्हा वही उघडली. आणखी कुणाला आपल्या नियमाचा काच होतो का, हे एकेकीला विचारलं. दोघी बोलल्या. एकीचा रोजा असतो तेव्हा चहाच्या वेळी तिला अवघडल्यासारखं होतं. दुसरीनं काय सांगितलं ते तिनं गटातच ठेवायला सांगितलंय, म्हणून इथं बोलत नाही.

तुमच्या गटातही एकदा विचारून बघा. येतो आता. नमस्कार.