नर्सबाई मुक्कामी होती

पाटणचा इतिहास विचारला की लोक दातेगडावरची तलवारीच्या आकाराची विहीर दाखवतात, कोयना धरण दाखवतात, भूकंप सांगतात. मी याच तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे मला आणखी एक इतिहास ठाऊक आहे. या डोंगरांतल्या बाळंतिणी आणि तान्ही मुलं जगायला कशी लागली, याचा. त्याबद्दल माझं म्हणणं एकच आहे : गाडी आणि मोठा दवाखाना नंतर आला. आधी नर्सबाई आली, आणि ती रात्री गावात असायची म्हणून माणसं वाचली.

आमचा तालुका खोऱ्याखोऱ्यांचा. कोयना, केरा, मोरणा, वांग, तारळी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर डोंगर आडवा. वाड्या वर पठारावर. ओढे भरले की वरच्या वाडीचा खालच्या गावाशी संबंध तुटायचा. कर्ता पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर हमालीला. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. गावात उरायच्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालून खाली न्यायचं तर खांदा द्यायला चार गडी मिळायची मारामार.

बाळंतपण सुईणीच्या हातचं. तिच्या बोटांना पोटातलं मूल सरळ आहे की आडवं, ते कळायचं. पण नाळ कापायची विळ्याने आणि नाभीला लावायची राख नाहीतर शेण. आठवड्याभरात मूल दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ करायचं आणि जायचं. लोक म्हणायचे, सटवीने नेलं. तो धनुर्वात असायचा. बऱ्याच गावांत हे सुईणपण मांग समाजातल्या बायकांकडे होतं. बाळंतिणीला हात लावायला ती चालायची, एरवी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत.

शुश्रूषेसाठी हात लावायचा कोणी आणि कोणाला, हा प्रश्न आमच्या सातारा जिल्ह्याने फार आधी सोडवायला घेतला होता. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला, पांडुरंग गायकवाडला, पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. त्याच आजाराने १० मार्चला त्या वारल्या. त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं नव्हतं, तरी आमच्या धंद्याची पहिली पायरी मी तिथेच मानते. त्याच काळात डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. रमाबाई रानडे देवराष्ट्रेच्या, आणि सांगली जिल्हा वेगळा होण्याआधी ते गाव साताऱ्यातच होतं. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि घरात कोंडलेल्या विधवांना, परित्यक्तांना नर्सिंगच्या शिक्षणाला ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या पुरुषाची जखम धुणं, रात्रपाळी करणं या गोष्टींना नावं ठेवणाऱ्या समाजात त्या बायका पहिल्यांदा पगार घेऊन, ताठ मानेने उभ्या राहिल्या.

खेड्यापर्यंत हे यायला सरकार यावं लागलं. १९४६ साली भोर समितीने सांगितलं की आरोग्यसेवा लोकांच्या जवळ न्या, आणि आजार होण्याआधीच तो टाळायचं बघा. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि नर्सबाई परिषदेची नोकर झाली. पुढे डोंगरी भागासाठी नियम ठरला, तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र. कागदावर तीन हजार म्हणजे थोडे वाटतात. पण ते दहा-बारा वाड्यांत विखुरलेले असले की नर्सबाईचा अर्धा दिवस चढण्यात जातो.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजाराहून अधिक जखमी झाली. माझ्या आधीच्या सिस्टर सांगायच्या की घरात पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती, हादरे चालूच होते आणि डिसेंबरच्या थंडीत बायका उघड्यावर, ताडपत्रीखाली बाळंत होत होत्या. उकळतं पाणी, स्वच्छ फडकं आणि जवळ बसलेली बाई, एवढंच त्यांच्या हाती होतं.

मी आले ती ऐंशीच्या दशकात. दीड वर्षाचं प्रशिक्षण, पांढरी साडी, पत्र्याची पेटी. आधीची काही वर्षं आमच्या धंद्याला वाईट गेली होती. आणीबाणीत कुटुंब नियोजनाच्या लक्ष्यांकासाठी जी जबरदस्ती झाली, तिची भीती लोकांच्या मनातून गेली नव्हती. नर्सबाई दिसली की बाया दार लावून घ्यायच्या, मुलं लपवायच्या. गेलेला विश्वास भाषणाने परत येत नाही. मी त्यांच्यातच राहिले, त्यांच्याच पाणवठ्यावर घागर भरली. एका रात्री दाराशी कंदील आला. "बाई, मूल आडवं हाय म्हणत्यात, चला." सुईण आधीच तिथे होती. मी तिला मावशी म्हटलं. तिनं हात फिरवून मुलाची ठेवण मला समजावली, मी तिला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. हे बाळंतपण वर वाडीत होणार नाही, यावर आमचं एकमत झालं. मी नुसती 'कराडच्या दवाखान्यात न्या' म्हणाले असते तर ती मंडळी हललीच नसती. मावशी म्हणाली म्हणून झोळी बांधली गेली. बाई आणि मूल दोघं वाचली. त्यानंतर ती दारं मला बंद झाली नाहीत.

पुढे दायांच्या प्रशिक्षणात पाच गोष्टी आम्ही घोकून घेतल्या : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाभीला काही लावायचं नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई दिली की आई आणि बाळ दोघांचं रक्षण व्हायचं. सटवीने मूल नेल्याचं ऐकू येईनासं झालं.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं. काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या, लसीच्या डब्यात बर्फाच्या चार पिशव्या ठेवायच्या, आणि बर्फ वितळायच्या आत शेवटची वाडी गाठायची. शिवाय विहिरीत टीसीएल पावडर पडली का ते बघायचं, जुलाब लागलेल्या पोराला जलसंजीवनी कशी पाजायची ते आईकडून करून घ्यायचं, तापाच्या माणसाचा रक्तनमुना घ्यायचा, क्षयाच्या रोग्याला समोर बसवून गोळी गिळायला लावायची. यातलं बहुतेक काम आजारी न पडलेल्या माणसांसाठी होतं, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मला त्या बर्फाच्या पिशव्या आठवल्या.

आज आशाताई आहेत, २०१४ पासून १०८ची गाडी आहे, बाळंतपणं दवाखान्यात होतात. हे फार मोठं काम झालं आहे. पण २०२१च्या जुलैत आंबेघर, मीरगाव, ढोकावळ्यावर दरडी कोसळल्या तेव्हा रस्तेच गेले. अशा रात्री गाडी खालीच थांबते, आणि वरच्या वाडीत कोण आहे यावर सगळं ठरतं. कितीतरी उपकेंद्रांच्या निवासाला आज कुलूप दिसतं. सिस्टरने मुख्यालयी राहावं, असा नियम आहे. मात्र छप्पर गळतं, नळाला पाणी नाही, नेमणूक कंत्राटी, आणि एकट्या मुलीला रात्री सोबत कोणाची नाही. दोष तिचा नाही. ज्या मुक्कामावर पाटणचं आरोग्य उभं राहिलं, तो फुकटात मिळतो असं आपण धरून चाललो. तिला पक्कं घर द्या, पाणी द्या, कायमची नेमणूक द्या, गावाची सोबत द्या. ती राहील. आम्ही राहिलो होतो.