गोधडीची दूरची बहीण

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आपल्या घरात कोणाला नवी नाही. तिची एक दूरची बहीण अमेरिकेत ‘क्विल्ट’ या नावाने नांदते. दोन कापडांमध्ये कापसाचा किंवा लोकरीचा थर घालावयाचा आणि तिन्ही टाक्यांनी एकत्र धरावयाचे, ही तिची रीत. तेथील वसाहतकालीन हस्तकलेतले शब्द उलगडून पाहिले, तर काही धागे थेट आपल्या दाराशी येतात.

‘कॅलिको’ हे नाव कालिकत बंदरावरून पडले. ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छीट. ‘पॅलमपोर’ म्हणजे पलंगपोस. त्यावर कोरोमांडल किनाऱ्यावरील कारागीर फुलांनी बहरलेला मोठा वृक्ष हाताने रंगवीत. ‘डंगरी’ या जाड्याभरड्या कापडाला तर मुंबईच्या डोंगरीचेच नाव मिळाले.

या कापडाने आपले विणकर बुडतील, या भीतीने इंग्लंडने १७०० व १७२१ साली कायदे करून ते अडविले. ही बंदी १७७४ साली उठली. वसाहतींकडे पाठविण्यास मात्र मोकळीक होती. महागाचे छीट वाया जाऊ नये म्हणून स्त्रिया त्यातील फुले-पाखरे कातरून साध्या कापडावर शिवीत. या कामाला पुढे ‘ब्रॉदरी पर्स’, म्हणजे इराणी भरतकाम, असे नाव पडले. छीट हिंदुस्थानचे, श्रेय इराणला!

‘होमस्पन’ म्हणजे घरी कातलेल्या सुताचे कापड. १७६५ च्या स्टँप कायद्यानंतर विलायती मालावर बहिष्कार पडला आणि तेथील स्त्रिया एकत्र जमून चरख्यावर सूत कातू लागल्या. १९०५ ची स्वदेशीची चळवळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

असाच फसवा शब्द ‘प्रिमिटिव्ह’. खेड्यापाड्यांत, शाळेत कला न शिकलेल्या हातांनी केलेल्या वस्तूंना बाजारात हे नाव देतात. ठिगळांची क्विल्ट म्हणजे वसाहतकाळच्या गरिबीची खूण, अशीही समजूत आहे. वास्तविक त्या काळी कापड महाग असल्याने क्विल्ट बहुधा सधन घरांतच असे. गिरण्यांमुळे एकोणिसाव्या शतकात कापड स्वस्त झाले, तेव्हा तुकड्यांची क्विल्ट घरोघर पसरली. त्या गिरण्यांचा पुष्कळसा कापूस गुलामांनी वेचलेला होता, हेही विसरता कामा नये.

हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. बायबलमधील कथा तिने कापडी आकृत्यांनी क्विल्टवर मांडल्या. १८८६ च्या प्रदर्शनात ती विकत मागितली गेली, तेव्हा तिने नकार दिला. पुढे ओढगस्तीमुळे १८९१ साली ती पाच डॉलरला द्यावी लागली. देताना तिने प्रत्येक चित्राचा अर्थ समजावून सांगितला आणि घेणारीने तो लिहून ठेवला. ती क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो अर्थ लिहिला गेला नसता, तर या कलाकृतीवरही नुसती ‘प्रिमिटिव्ह’ अशी चिठ्ठी लागली असती.

‘सँपलर’ म्हणजे टाके शिकण्याचा नमुन्याचा कपडा. त्यावर मुली आपले नाव भरीत, म्हणून तीनशे वर्षांपूर्वीच्या कित्येक मुलींची नावे आज वाचता येतात. आपल्या गोधड्यांवर नाव नसते. तेव्हा भगिनींनो, पुढची गोधडी शिवाल, तेव्हा एका कोपऱ्यात आपले नाव आणि साल घालावे. चार टाके जास्त पडतील, इतकेच.