भोवऱ्याचं कूळ

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला की मागच्या बाजूला भोवरा लागतो. तिथून निघालेले केस एका घेरात वळतात आणि मग एकाच ओढीनं मानेकडे उतरतात. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर मऊ लागतं, उलटा नेला की केस हाताला अडतात. प्रत्येक केस त्वचेत तिरका रोवलेला असतो आणि त्याचा कल शेजारच्या केसासारखाच असतो. वर-खाली ओळखणं त्वचेच्या पेशीला अवघड नाही, कारण एका अंगाला बाहेरचं जग असतं आणि दुसऱ्या अंगाला शरीर. पण चादरीसारख्या पसरलेल्या थरात डोकं कुठल्या बाजूला आणि शेपटी कुठल्या, हे तिला कोण सांगतं? पेशींच्या या दिशाभानाला 'समतल पेशीध्रुवता' म्हणतात. त्याचं मूळ सापडलं ते पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीच्या पंखावर.

माशीच्या पंखातल्या प्रत्येक पेशीला एकच सूक्ष्म केस फुटतो आणि सगळे केस पंखाच्या टोकाकडे झुकलेले असतात. काही माश्यांत ही शिस्त मोडलेली दिसे. ज्या जनुकांतल्या बिघाडानं ती मोडते, त्यांना दिसेल तशी नावं मिळाली: 'फ्रिझल्ड' म्हणजे कुरळलेलं, 'डिशेव्हल्ड' म्हणजे विस्कटलेलं. १९८७ साली अमेरिकेत विन्सन आणि अ‍ॅडलर यांनी निरोगी पंखात फ्रिझल्ड बिघडलेल्या पेशींची छोटी बेटं तयार केली. बेटातले केस भरकटले, ते अपेक्षितच होतं. पण बेटापलीकडच्या, पंखाच्या टोकाकडच्या निरोगी पेशींचे केसही वळून बेटाकडे तोंड करून उभे राहिले. अलीकडच्या पेशींचे केस मात्र जागच्या जागी होते. पेशी आपली दिशा शेजाऱ्याकडून घेते, हे त्या पंखानं दाखवून दिलं.

१९९८ मध्ये अ‍ॅडलर यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक जनुक पुढे आलं. ते बिघडलं की पंखावरचे केस गरगर भोवरे घेत. संशोधकांना त्यात चित्रकाराच्या कुंचल्याचे फटकारे दिसले आणि त्यांनी जनुकाचं नाव ठेवलं 'व्हॅन गॉग'. त्याच्या बेटांनी फ्रिझल्डच्या नेमकं उलट केलं: पंखाच्या मुळाकडचे शेजारी बिथरले आणि त्यांचे केस बेटाकडे पाठ फिरवून उभे राहिले. पुढच्या वर्षी जपानमधल्या संशोधकांनी 'फ्लेमिंगो' हे प्रथिन ओळखलं आणि साखळीतला मधला दुवा हाती आला.

दोन पेशी जिथे एकमेकींना टेकतात, ती सीमा जवळून पाहू. पेशीच्या, पंखाच्या टोकाकडच्या कडेला फ्रिझल्ड आणि डिशेव्हल्ड या जनुकांची प्रथिनं जमतात. मुळाकडच्या कडेला व्हॅन गॉग आणि 'प्रिकल' हे आणखी एक प्रथिन जमतात. फ्लेमिंगो दोन्ही कडांवर असतं आणि सीमेपलीकडच्या फ्लेमिंगोचा हात धरून ठेवतं. त्यामुळे एका पेशीच्या फ्रिझल्डसमोर नेहमी शेजारणीचं व्हॅन गॉग येतं. पेशीच्या आत हे दोन्ही गट एकमेकांना दूर रेटतात, सीमेवर मात्र एकमेकांना धरून ठेवतात. सुरुवातीला ही प्रथिनं पेशीभर सारखीच पसरलेली असतात. कुठेतरी पारडं जरासं झुकतं, रेटारेटीनं ते आणखी झुकतं, आणि एकीनं बाजू घेतली की दुसरीला तीच घ्यावी लागते. अशी सगळ्या थराची दिशा ठरते.

या कुळाची दुसरी शाखा उंदरांत होती, पण ती याच घराण्याची आहे हे पन्नास वर्षं कुणाला माहीत नव्हतं. शेपटीला वेढा पडलेल्या 'लूप-टेल' उंदरांची नोंद १९४९ साली झाली. सदोष जनुक एका पालकाकडून आलं तर शेपटी वळते. दोघांकडून आलं तर पिल्लाचा मेंदू आणि पाठकणा जवळजवळ पूर्ण उघडे राहतात आणि ते जगत नाही. २००१ मध्ये ते जनुक हाती लागलं. ते माशीच्या व्हॅन गॉगचंच भावंड निघालं.

माशीच्या केसाचा पाठकण्याशी संबंध काय? गर्भात पाठकण्यातल्या मज्जारज्जूच्या जागी आधी पेशींचा एक रुंद, आखूड पट्टा असतो. पुढे दोन्ही बाजूंच्या पेशी मध्यरेषेकडे सरकत एकमेकींच्या मध्ये शिरतात. देवळाच्या आवारात पसरलेली गर्दी दर्शनबारीत शिरली की अरुंद होते आणि लांबत जाते, तसा पट्टा अरुंद आणि लांब होतो. मगच त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन मिटतात आणि नळी तयार होते. मध्यरेषा कुठल्या बाजूला हेच पेशींना कळलं नाही, तर पट्टा रुंदच राहतो आणि कडा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. २००७ मध्ये मणक्याच्या जन्मजात दोषाच्या काही रुग्णांत याच घराण्यातल्या जनुकातले बदल सापडले.

पुढे नाती भराभर जुळत गेली. २००३ मध्ये कळलं की आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशींच्या जुड्या एका दिशेला रोखलेल्या राहतात, त्या याच प्रथिनांमुळे. २००४ मध्ये उंदरांतलं एक फ्रिझल्ड जनुक काढून टाकल्यावर त्यांच्या अंगावरच्या केसांत भोवरे पडले.

सगळ्यांत मोलाची गोष्ट २०११ मध्ये उंदराच्या त्वचेत दिसली. पेशी विभागताना गोल होते आणि कडांवर मांडलेली ही प्रथिनं आत ओढून घेते. विभागणी झाली की दोन्ही लेकी ती पुन्हा कडांवर मांडतात, आणि ती कुठे मांडायची हे पुन्हा शेजारणीच सांगतात. वाढत्या अंगात पेशी सतत विभागतात, म्हणून दिशा एकदा ठरवून भागत नाही. बाळाच्या डोक्यावरून फिरणाऱ्या हाताला जी ओढ लागते, ती या शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली असते.